डावा हात

जानेवारीत आमच्या कासू गावच्या शेतांतून पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, आणि भोवती पेंढ्याचा जाळ. पोपटीत कोंबडी नसली तरी निभतं, पण बांधामागे बाटली नसली तर आमच्या पुरुषांना शेंगा गोड लागत नाहीत.

कमळाकरने मात्र तीन वर्षं बाटलीला हात लावला नव्हता. लेकीच्या, ऋतुजाच्या, डोक्यावर हात ठेवून त्याने दारू सोडली होती. त्याची बायको सगुणा हे चारचौघींत कौतुकाने सांगायची.

त्या दिवशी ऊन असतानाच मडकं उघडलं. पहिल्या शेंगा खाऊन झाल्या आणि पुढची मूठ कमळाकरच्या उजव्या हातातून गळून पडली. उठायला गेला तर उजवा पाय फरपटला. तो काहीतरी बोलला, पण जीभ जड, शब्द एकही धड नाही.

"काय रे, सुटली का शपथ?" शेजारचा काळुराम म्हणाला. सगळे हसले. आमच्या गावाला माणूस प्यालेला तेवढा लगेच ओळखता येतो, बाकी काही नाही.

तो प्याला असं कळताच सगुणाचं डोकं फिरलं. दोघांनी कमळाकरला धरून घरी आणलं, तेव्हा तो डाव्या हाताने तिचा पदर ओढत होता. डोळ्यांत पाणी होतं.

"आता रडून काय उपेग? कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. झोपा तिकडं. मला तोंड नका दाखवू."

तिने पदर सोडवून घेतला आणि पडवीत वाकळ टाकून दिली. प्यालेल्याला झोपू द्यावं, सकाळी उतरते, हे आमचं गावठी औषध.

सकाळी ऋतुजा नागोठण्याहून कंपनीतली शिफ्ट संपवून आली. बापाचं तोंड एका बाजूला ओघळलेलं दिसलं. "बाबा, दोन्ही हात वर करा बघू." एकच उठला. तिने तिथूनच १०८ला फोन लावला.

"काल ढोसून आलेत गो. उतरंल," सगुणा म्हणाली.

ऋतुजाने वाकून वास घेतला. "दारूचा वास नाय आई. ओव्याचा येतोय. काल तू जवळ जाऊन बघितलंस?"

सगुणा जवळ गेलीच नव्हती.

गाडीत चढवायला काळुराम धावत आला. खाली बघत म्हणाला, "वयनी, म्या दिलेली त्यानं घेतली नव्हती. मला वाटलं, दुसऱ्या कुणाकडनं घेतली असंल."

पनवेलच्या डॉक्टरांनी डोक्याच्या स्कॅनचा फोटो बघून विचारलं, "कधीपासून?"

"काल सांजच्यापासनं," सगुणा म्हणाली.

"मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय. चार-साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर ती विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. आता ती वेळ गेली."

कमळाकर घरी आला, पण त्याची वाचा आणि उजवं अंग परत आलं नाही. डावा हात चालतो. त्याने तो माश्या हाकलतो, पाण्याचा तांब्या दाखवतो. पेज भरवताना सगुणा मुद्दाम त्याच हाताशी बसते आणि पदर त्याच्या बोटांजवळ सोडते. तो धरत नाही.