टाळकऱ्याची नात

"मामाजी, तुमी काऊन बोलले? तिले बोलू द्याचं होतं ना!" सून पूनमनं चित्रण थांबवून मोबाईल खाली घेतला.

चंपतराव ओशाळले. त्यांच्या हातात पपईच्या पानाचा पोकळ देठ होता, समोर वाटीत साबणाचं पाणी, आणि वाटीपलीकडे उकिडवी बसलेली साडेतीन वर्षांची नात, प्रियदर्शनी. "फुगा गेला..." एवढंच गाऊन त्यांनी थांबायचं होतं. "वर" हा शब्द पोरीसाठी रिकामा ठेवायचा आणि तिनं तो म्हटला की देठातून फुगा सोडायचा, असा तो खेळ. त्यांनी जागा रिकामी ठेवली आणि लगेच स्वतःच सुरात भरून टाकली.

"आपसूक निघाला व माय."

"चौथ्यांदा निघाला," अंगणात मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, हिशेब सांगितला. "नातीचं नाव एवढं लांब ठेवलं अन् तिले एक शब्द म्हणू देत नाही हा माणूस!"

पोरीचे कान चांगले होते. बोललेलं सगळं तिला कळायचं. पण हवं ते बोटानं दाखवायची, तोंडातून शब्द नाही. जूनपासून तिला जैनथच्या अंगणवाडीत बसवायचं होतं. तिथं तहान लागली तर ही सांगणार कसं, हीच एक काळजी पूनमला होती. आदिलाबादच्या प्रतिभाताई वाचेचे उपचार करायच्या. आजोबांचा गळा ऐकून त्यांनीच हा खेळ चंपतरावांकडे सोपवला होता.

आणि तिथंच घोटाळा झाला. चंपतराव भाजीमळ्याचे धनी खरे, पण गावात ओळख टाळकरी म्हणून. आपल्या कीर्तनाची रीतच अशी, की महाराजांनी अर्धं चरण म्हणून हात वर केला की मागच्यांनी ते उचलायचं. देवाच्या दारातली ओळ खाली पडू द्यायची नाही. चाळीस वर्षं ज्यानं ती झेलली, त्याला आता म्हणायचं, पडू दे!

पूनमनं पाठवलेलं चित्रण पाहून प्रतिभाताईंचा फोन आला.

"आबा, आवाज गोड आहे तुमचा. पण तो तिच्या जागेवर जाऊन बसतो."

"मंग म्या करू काय, ताई?"

"तोंड मिटायचं, तिच्याकडे बघायचं आणि मनात दहा वेळा नाम घ्यायचं."

"दहा? थेवढ्यात महाराज दुसऱ्या गावाले पोचतीन!"

"पोचू द्या. नात कुठं चालली?"

चंपतराव हसले, पण मग विचारात पडले. कीर्तनात त्यांनी आजवर महाराजांची पाठच पाहिली होती. हात वर करून थांबलेल्या महाराजांचा चेहरा कसा असतो, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. टाळकरी उचलतीलच, असा भरवसा असल्याशिवाय का कोणी ओळ अर्धी सोडतो?

फोन ठेवून त्यांनी देठ पाण्यात बुडवला. "फुगा गेला..."

चौथ्या नामाला लक्ष्मीबाईच म्हणाल्या, "वर!"

"आता तू का?"

"राहवलं नाही जी," त्यांनी पदर तोंडाला लावला.

पुन्हा देठ बुडाला. "फुगा गेला..."

तीन. चार. पोरीनं त्यांचं मनगट ओढलं. ते हलले नाहीत. सहा. तिनं बोट वर दाखवलं. ओठांवर आलेली ओळ त्यांनी दातांखाली धरली. सात. पोरगी पुढं सरकली आणि पहिल्यांदाच तिनं देठाकडे नाही, आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं. आठ. तिचे ओठ गोळा झाले, सुटले, पुन्हा गोळा झाले.

"व..."

बारीक, ओला आवाज. पुढचं अक्षर आलंच नाही, पण कोणाला हवं होतं?

"फुगा सोडा, मामाजी! लवकर!" पूनम रडत ओरडली.

चंपतरावांनी देठ ओठांना लावला. फुंकर निघेना. सप्ताहात सात-सात दिवस गाऊन न थकणारा माणूस नातीच्या एका अक्षरापुढं थांबला होता. साबणाचं पाणी थेंबथेंब धोतरावर गळत राहिलं.

पोरीला ते पटलं नाही. तिनं त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

"व!" ती म्हणाली, आधीपेक्षा मोठ्यानं. मग फुग्यासाठी मान वर करून, त्यांच्यावर डोळे रोखून, शांतपणे थांबली.