बेरिलचं कोण वाचतं?

क्लाइव्ह ऑर्मरॉडच्या कारकिर्दीवर जेवढे म्हणून लेख आले, त्या सगळ्यांत एक वाक्य ठरलेलं असे. सामान्य माणसांचं बोलणं टिपणारा असा कान ब्रिटनमधल्या दुसऱ्या कुठल्या पटकथालेखकाला लाभला नाही, हे ते वाक्य. क्लाइव्हचा त्यावर आक्षेप नव्हता. कान त्याचाच होता. बोलणं मात्र त्याच्या आईचं होतं, आणि हे लेख लिहिणाऱ्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगू शकणारा माणूस एकटा क्लाइव्हच होता. लँकशरमधल्या एका गिरणीच्या गावात, स्वयंपाकघराच्या पातळ भिंतीपलीकडे पुस्तक उघडून बसलेल्या मुलानं अभ्यास सोडून जे जे ऐकलं, त्यावर पुढे दोन घरं, एक घटस्फोट आणि राजवाड्यातून मिळालेलं एक पदक एवढा डोलारा उभा राहिला. एडना ऑर्मरॉड शेजारणीला सांगायची, "आमच्या ह्यांचं डोकं म्हणजे रविवारचं दुकान. पाटी आहे, पण आत कोणी नाही." बऱ्याच वर्षांनी 'टॅनर्स रो' या मालिकेत बेरिल नावाची म्हातारी तेच वाक्य बोलली आणि अर्धा देश हसला. एडनाही मालिका बघायची. "ही बेरिल फार बडबडी आहे बाई," एवढंच तिचं मत.

आता एडना समुद्राकाठच्या फेअरहोम नावाच्या वृद्धाश्रमात होती आणि दोन हिवाळे तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. क्लाइव्ह मालिकेचा लेखकही होता आणि निर्माताही, त्यामुळे लेखकाला निर्मात्याची तक्रार करायची झाली तर आरशासमोरच उभं राहावं लागे. त्या वसंतात बेरिलचं काम करणारी रोझलिंड पेन जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, आणि पाठांतर तर आधीपासूनच मोडकळीला आलं होतं. वाहिनीच्या बाईंनी गोड शब्दांत निर्णय कळवला. बेरिलला निरोप द्या, म्हणजे मालिका आणखी एक वर्ष चालेल. नाहीतर बेरिल आणि मालिका, दोघींनाही एकदमच पुरू.

दर मंगळवारी सकाळी मँचेस्टरमधल्या एका प्रार्थनागृहामागच्या दालनात नव्या भागाचं वाचन होई. लांब टेबल, चहाची टाकी, बशीत बिस्किटं. कलाकार आपापले संवाद वाचत आणि कंसातला मजकूर, म्हणजे कोण आलं, कोण गेलं, कोणी दार आपटलं, तो क्लाइव्ह स्वतः वाची. गैरहजर कलाकाराचे संवाद शेजारी बसलेल्यानं गुपचूप वाचायचे, आणि वाचणाऱ्याचं कौतुक करायचं नाही, असा तिथला शिरस्ता होता. कौतुक केलं तर गैरहजर माणसाचा अपमान होतो. शिवाय सगळ्यांच्या नजरा कागदात. टेबलाशी कोण काय वाचतंय हे कान सांगतील तेवढंच.

रोझलिंड इस्पितळात असतानाच्या पहिल्या वाचनात क्लाइव्हनं वाचलं, "बेरिल किटली ठेवते." लगेच एक बायकी आवाज म्हणाला, "रॉनी, बूट काढ. फरशी पुसायला राणीसाहेब येणार नाहीत." अगदी बेतशीर, कुठेही जोर न देता. रोझलिंडनं इतकं चांगलं कधीच वाचलं नव्हतं. चहाच्या वेळी क्लाइव्हनं शिरस्ता मोडला.

"मॉइरा, बेरिल छान वाचलीस." मॉइरा त्याची संहिता संपादक. जन्मानं स्कॉटिश आणि स्वभावानं त्याहून जास्त.

"मी? मी घड्याळ लावून प्रसंगाची लांबी मोजत होते. मला वाटलं लेन वाचतोय."

लेन हा बेरिलच्या मुलाचं, रॉनीचं काम करणारा नट. तो बिस्किट बुडवता बुडवता म्हणाला, "माझ्याच आईशी मीच भांडू? दोन्ही बाजूंनी? तेवढे पैसे देतोस का रे तू?"

"मग ग्लेनिस असेल," मॉइरा म्हणाली.

बेरिलच्या शेजारणीचं काम करणारी ग्लेनिस तोवर निघून गेली होती. त्या देशात एखादी गोष्ट निघून गेलेल्या माणसाच्या नावावर घातली की चौकशी संपते.

पुढच्या मंगळवारी क्लाइव्हनं ठरवून मान वर केली. टेबलाभोवती सगळ्या माना खाली होत्या. टकलं, भांग, चष्म्याच्या दोऱ्या. आवाज त्यांच्या मधूनच कुठूनतरी येत होता, आणि या वेळी क्लाइव्हच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक वाक्याआधी तो आवाज जीभ टाळ्याला लावून 'च्' करत होता. हे संहितेत नव्हतं. क्लाइव्हनं ते कधीच लिहिलं नव्हतं, कारण भिंतीपलीकडून ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत तेवढी एकच त्याला लिहून दाखवता आली नव्हती. पुढचा कंस आला तेव्हा तो मुकाट्यानं वाचू लागला.

रविवारी तो फेअरहोमला गेला. बर्नाडेट नावाची परिचारिका आईचे पाय शालीत गुंडाळत होती.

"तुमची आई बोलायला लागली, सांगितलं का हो तुम्हाला कोणी?"

"कधी?"

"मंगळवारी सकाळी. गेल्या मंगळवारी, आणि त्याच्या आधीच्याही. पुष्कळ माणसं भोवती बसलीत अशा थाटात बोलते. बोलते, थांबते, आपलीच हसते. जेवायच्या सुमाराला पुन्हा कुलूप." बर्नाडेट हसली. "कोणा रॉनीला बूट काढ म्हणून दटावत होती. रॉनी कोण, तुमचा भाऊ?"

"लांबचा नातलग," क्लाइव्ह म्हणाला.

तो खुर्ची ओढून आईशेजारी बसला. "आई, मी क्लाइव्ह." एडना ओहोटी लागलेल्या समुद्राकडे बघत राहिली. अंधार पडायला लागेपर्यंत तो कान देऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिचं बोलणं भिंत मध्ये न घेता ऐकायला बसला होता, आणि ऐकायला काही नव्हतं.

त्यानंतर तो बेरिलला लांबवू लागला. तिला खोकला दिला, मग तो बरा केला. एका भागात तर तिला एकटीलाच खिडकीच्या पडद्याशी बोलायला लावलं, आणि त्या आठवड्यात बर्नाडेटनं आपणहून फोन करून सांगितलं, "आज तर म्हातारी ऐकेचना, दुपारपर्यंत चालू होती." वाहिनीच्या बाईंच्या शब्दांतली साखर मात्र कमी होत गेली.

"तू तिला मारायला घाबरतोस की काय?" मॉइरानं विचारलं. "माणसं मारण्यात तुझी हयात गेली. तुझ्या बापाचं मरण तू नाताळच्या खास भागात घातलंस."

"बेरिलला निदान एक वाक्य तरी हवं."

"मेलेल्या बाईला? क्लाइव्ह, भाग अंत्यविधीवरून परतल्यावर सुरू होतो. वाहिनीच्या बाईंनी लेखी कळवलंय. आणि हे बघ, त्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या चुली तुझ्यावर आहेत. लेनला तर या वयात कोणी उभंही करणार नाही."

"लेन काय म्हणतो?"

"लेन म्हणतो, आई गेल्यावर मला जरा चांगले संवाद मिळतील."

क्लाइव्हनं भाग लिहिला. एका पारड्यात मालिका आणि दुसऱ्यात कोणीही असो, त्याचा काटा आजवर एकाच बाजूला झुकत आला होता, आणि जन्मभराचा काटा एका आठवड्यात दुरुस्त होत नाही. बेरिलच्या नावापुढे एकही शब्द राहिला नाही. लिहून झाल्यावर त्यानं फेअरहोमला फोन लावला, आणि कोणी उचलायच्या आत ठेवून दिला.

मंगळवारी सगळे वेळेवर आले. रोझलिंडसाठी एक कार्ड फिरत होतं, त्यावर प्रत्येकानं सही केली. क्लाइव्हनं फोन बशीशेजारी ठेवला आणि वाचायला सुरुवात केली. "बेरिलचं स्वयंपाकघर. किटली थंड. खिडकीजवळची खुर्ची रिकामी."

आता लेननं बोलायचं होतं. तो कोणाच्यातरी संवादाची वाट बघत असावा तसा बोट कागदावर ठेवून बसला होता.

टेबलाच्या खालच्या अंगाला 'च्' असा आवाज झाला.

"रिकामी? कोण म्हणतं?"

कोणीतरी पान उलटलं. एकही मान वर झाली नाही. लेन रॉनीच्या आवाजात, जणू समोर छापलेलंच आहे असं म्हणाला, "मी कुठं काय म्हटलं, आई."

मॉइरा घड्याळावरची नजर न काढता पुटपुटली, "हे राहू दे, क्लाइव्ह. चांगलंय."

बशीशेजारचा फोन थरथरायला लागला. त्यावर फेअरहोमचं नाव होतं. बशीतला चमचा त्याच्यासोबत किणकिणत राहिला. टेबलाशी तो आवाज आता सलग बोलू लागला होता. संहितेत नसलेलं, बेरिल कधीच न बोललेलं, भिंतीपलीकडूनही क्लाइव्हनं कधी न ऐकलेलं. मधूनच त्यात "आमचा क्लाइव्ह" असं आलं.

क्लाइव्हनं फोन उपडा घातला आणि चमचा उचलून बाजूला ठेवला, म्हणजे नीट ऐकू यावं. मग मान खालीच ठेवून त्यानं पेन्सिल घेतली आणि कोऱ्या समासात भराभर उतरवून घेऊ लागला.