शरयूकाकूंच्या पर्समधला वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीवाल्याकडे असते तसली तागडी नव्हे हं! वर धरायला कडी, खाली आकडा, मधे पितळी पट्टी आणि पोटात स्प्रिंग, एवढाच माझा देह. आकड्याला बॅग अडकवायची, दोन्ही हातांनी उचलायची आणि माझी सुई कुठे थांबते ते बघायचं. माझा मुक्काम अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावी, जगन्नाथकाका आणि शरयूकाकूंच्या स्वयंपाकघरात असतो.

जन्म मात्र सांगलीकडचा. एका लहानशा कारखान्यात मला घडवलं. तिथला तपासनीस भलता खडूस होता. त्याने मला दोनदा नापास केलं, स्प्रिंग बदलली, पुन्हा वजनं लावून बघितली आणि सुई रेघेवर बरोबर थांबली तेव्हाच माझ्या पाठीवर शिक्का उठवला. त्याचा मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माझ्यात जो काही ताठा आहे तो त्याच माणसाने भरला.

पुण्याला, रविवार पेठेतल्या एका दुकानात काकांनी मला विकत घेतलं. त्या वेळी ते नुकतेच एका विमानतळावर गुडघे टेकून, सगळ्या लोकांदेखत बॅग उघडून लोणच्याच्या बरण्या काढत बसले होते म्हणे. ती फजिती पुन्हा नको म्हणून माझी खरेदी झाली. मी अमेरिकेला आलो आणि बघता बघता गावातल्या सगळ्या मराठी घरांचा झालो. नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की फोन सुरू व्हायचे, "काकू, काटा कुणाकडे आहे?" मी कधी रत्नामावशींकडे, कधी विक्रमच्या अपार्टमेंटमध्ये. बर्फातून, कोटाच्या खिशात बसून मी घरोघर हिंडलो.

या लोकांची एक गंमत सांगतो. कुणी भारतात निघालं की बाकीचे सगळे हातात एकेक पुडकं घेऊन हजर! "एवढंसंच आहे, माझ्या बहिणीला दे ना." निघणारा माणूस तोंडदेखलं हसतो आणि ते बॅगेत कोंबतो. कारण पुढच्या वर्षी त्याचं पुडकं दुसऱ्या कुणाच्या बॅगेत जायचं असतं. बॅग मात्र फुगत जाते आणि बोल लावला जातो मला. "हा काटा जरा जास्तच दाखवतो, नाही?" असं कुणी म्हणालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अहो, बदाम तुम्ही भरलेत ना!

मग एके दिवशी घरात डिजिटल काटा आला. गुळगुळीत, काळा, हिरव्या आकड्यांचा. माझी रवानगी ड्रॉवरच्या तळाशी झाली, जुन्या किल्ल्या आणि रबरबँडांच्या संगतीत. काही वर्षं कुणी माझं नाव काढलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मागच्या फेब्रुवारीत तो ड्रॉवर धाडकन उघडला. शरयूकाकूंची मुलगी प्रीता नेपरव्हिलमध्येच जन्मलेली, इथेच शिकून इंजिनिअर झालेली. कॉलेजात तिची ओबिनाशी ओळख झाली, लग्न झालं आणि दोघं त्याच्या देशात, नायजेरियात, पाणीपुरवठ्याच्या कामावर गेली. तिचं बाळंतपण पुढच्या महिन्यात होतं. काकू तेव्हाच जाणार होत्या. पण त्या सकाळी तिचा फोन आला. "आई, डोन्ट पॅनिक. बीपी थोडं हाय आहे, सो दे मे डिलिव्हर अर्ली." एवढं बोलून ती थांबली आणि मग लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, "आई, यू विल कम, राइट?"

त्यानंतर घरात जी धावपळ उडाली ती विचारू नका. तिकीट बदललं. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, सुंठ, मेतकूट, काकूंनी आपल्या जुन्या सुती साड्यांची शिवलेली दुपटी, सगळं बॅगेत गेलं. डिजिटल महाशयांचा सेल नेमका त्याच दिवशी संपला. काकांनी मला शोधून काढलं, पुसलं आणि बॅग अडकवली. सुई मर्यादेच्या चांगली आत थांबली. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे काकू एकट्याच निघाल्या. "कॅश फार कॅरी करू नकोस, कार्ड आहे ना," असं काकांनी बजावलं. नेपरव्हिलमध्ये काकू कोथिंबिरीची जुडीसुद्धा कार्डावर घेतात, तेव्हा त्यांना ते पटलंच. आयत्या वेळी त्यांनी मलाही पर्समध्ये टाकलं.

तिकडच्या विमानतळावर उतरलो तेव्हा उकाड्याने जीव नकोसा झाला होता. थंड हवेची यंत्रं बंद, सरकता जिना बंद. सामानाचा पट्टा मधेच थांबला होता आणि लोक बॅगांच्या ढिगावर चढून आपापली बॅग ओढत होते. स्वच्छतागृहात पाणी नव्हतं. एक आजोबा खुर्ची शोधत होते, पण होत्या त्या खुर्च्यांची बैठक तुटलेली. हे सगळे त्याच देशाचे लोक होते बरं का. आपल्याच घरी परतताना त्यांना असं ताटकळावं लागत होतं, याचं मला फार वाईट वाटलं.

सामान तपासणाऱ्या साहेबाने काकूंची बॅग उघडायला लावली, पुड्या हुंगल्या आणि हसून म्हणाला, "मामा, आमच्यासाठी काय आणलंत?" तिकडे आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात. त्याला काय हवं होतं ते मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला कळलं. काकूंना मात्र वाटलं, बिचारा उपाशी असेल. त्यांनी डबा उघडला, कागदी रुमालावर डिंकाचे दोन लाडू ठेवले आणि त्याच्यापुढे धरले. "घ्या ना, घरी केलेत. एक आत्ता खा, एक घरी न्या." साहेब त्या लाडवांकडे बघतच राहिला. मग त्याने एक तोंडात टाकला आणि हात हलवून काकूंना जायला सांगितलं. काकू मला म्हणजे स्वतःशीच म्हणाल्या, "किती साधी माणसं!" मला हसू आवरेना.

पण पुढच्या काउंटरवर लाडू चालले नाहीत.

प्रीता राहत होती त्या गावाला दुसऱ्या, लहान विमानाने जायचं होतं आणि दुपारचं विमान हे त्या दिवसाचं शेवटचं होतं. ओबिनाचा फोन आला होता. प्रीताचं ऑपरेशन आजच करणार होते. ती घाबरली होती आणि दर पाच मिनिटांनी आई आली का, असं विचारत होती. काकू धापा टाकत काउंटरवर पोचल्या. तिथल्या पोरसवदा कारकुनाने बॅग मशीनवर ठेवली आणि मान हलवली. "ओव्हरवेट आहे, मामा. बरंच."

"अहो, कसं शक्य आहे? मी घरून वजन करून निघालेय!"

"मशीन सांगतंय." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "पावती करायची तर वेळ लागेल, विमान सुटेल. माझ्या हातावर काहीतरी ठेवा, मी बघतो."

आता काकूंना सगळा उलगडा झाला. मघाच्या लाडवाचाही. त्यांचा चेहरा लाल झाला. "मी असे पैसे देत नाही," त्या म्हणाल्या, "आणि द्यायला माझ्याकडे आहे तरी काय, हे कार्ड?" कारकुनाने विमानात चढायचा पास हाताखाली दाबून ठेवला. काकू म्हणाल्या, "मग बॅग इथेच राहू दे, मला जाऊ दे. माझ्या मुलीचं ऑपरेशन आहे रे!" तो म्हणाला, "बेवारस बॅग ठेवता येत नाही." त्यांचे डोळे भरून आले. त्या तत्त्वाच्या पक्क्या. पण त्या क्षणी त्यांच्याकडे नोटा असत्या तर त्यांनी त्या दिल्या असत्या, हे ते कार्ड पुन्हा पुन्हा उलटंसुलटं करणाऱ्या त्यांच्या बोटांवरून मला कळत होतं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. आई होती ती.

तेवढ्यात रुमाल शोधताना त्यांचा हात माझ्यावर पडला. त्यांनी मला बाहेर काढलं, आकड्याला बॅग अडकवली आणि तिथेच उचलायला लागल्या. उचलेना. मागे शाळेत शिकवणाऱ्या एक बाई उभ्या होत्या, ब्लेसिंग त्यांचं नाव. त्यांनी दुसऱ्या बाजूने हात लावला आणि माझी सुई मोठ्याने वाचली. बॅग मर्यादेत होती. अगदी आरामात!

"तो खेळण्यातला काटा आहे," कारकून म्हणाला. खेळण्यातला! माझ्या पाठीवरचा शिक्का दाखवावा असं फार वाटलं. पण मला तोंड कुठे आहे?

ब्लेसिंगबाई वळून रांगेला म्हणाल्या, "मामाचं थोडं थोडं सामान आपण घेऊ या का? बॅग रिकामी करून बघू मशीन काय म्हणतं ते." काकू क्षणभर घुटमळल्या. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या बॅगेत पुडकी घातली होती, पण ती सगळी ओळखीची माणसं. इथे कुणाचं नावही ठाऊक नव्हतं. शिवाय अनोळखी माणसाचं सामान घेऊ नका, अशी सूचना माथ्यावरच्या स्पीकरवर सारखी चालू होतीच. मग काकूंनी एकेक पुडी सगळ्यांसमोर उघडली, काय आहे ते सांगितलं आणि मगच हातात दिली. अळीव एका कॉलेजच्या पोरीकडे गेले. सुंठ एका टोपीवाल्या आजोबांकडे. दुपटी ब्लेसिंगबाईंनी छातीशी धरली. लाडवांचा डबा एका धिप्पाड गृहस्थांनी उचलला, तेव्हा काकूंनी "सांभाळून हं!" असं मराठीतच म्हटलं.

रिकामी बॅग मशीनवर ठेवली. मशीनने सांगितलं, ओव्हरवेट.

रांगेतल्या सगळ्यांनी माना पुढे काढून आकडा वाचला. मग टोपीवाले आजोबा म्हणाले, "बाळा, या मशीनवर हवासुद्धा जड भरते!" आणि सगळी रांग खो खो हसत सुटली. ते हसणं नुसतं गमतीचं नव्हतं. त्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्या मशीनपुढे मान खाली घातली होती. मागून आवाज आले, "माझीही बॅग त्या काट्यावर करा!" "माझीही!" मी त्या दिवशी जेवढी वजनं केली तेवढी नेपरव्हिलच्या कुठल्या नाताळातही केली नव्हती.

कारकुनाने मान वर न करता पास पुढे सरकवला. "मामा, आमचा पगार कित्येक महिने झालेला नाही," तो पुटपुटला. काकूंचा राग उतरला नव्हता. त्या म्हणाल्या, "हे फार वाईट आहे, बाळा. पण ज्यांनी तुझा पगार अडवलाय त्यांना अडव. मला का अडवतोस?" मला त्याचीही दया आली. खोटं बोलायला लावलेल्या त्या मशीनची तर जास्तच आली. तेही माझ्यासारखंच कुणीतरी नीट तपासून बनवलेलं असणार.

विमान उशिरा का होईना, उडालं. उतरल्यावर माणसं बाहेर पडू लागली तशी काकू दाराशी उभ्या राहून प्रत्येकाच्या हाताकडे बघत होत्या. आधी अळीव आले. मग सुंठ. मग एकामागून एक सगळी पुडकी परत आली. धिप्पाड गृहस्थ शेवटी आले आणि डबा देताना लाजत म्हणाले, "वास फार छान येत होता. पण मी उघडला नाही." काकूंनी तिथेच डबा उघडला आणि सगळ्यांना लाडू वाटले.

दवाखान्यात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. प्रीताला मुलगी झाली होती. अगदी चिमुकली, वेळेआधी आलेली. प्रीता आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. "यू केम, आई. यू केम." ओबिना दोघींच्या डोक्यावरून हात फिरवत उभा होता. बाळाला औषध द्यायचं होतं आणि ते वजनावर ठरणार होतं. पण वीज गेली होती. जनरेटर फक्त ऑपरेशनच्या खोलीपुरता चालत होता आणि बाळांचं विजेवरचं मशीन मुकं झालं होतं. नर्स चिंतेत पडली. काकूंनी एक दुपटं अंथरलं, बाळाला त्यात निजवलं, चारी टोकांची घट्ट गाठ बांधली आणि ती माझ्या आकड्यात अडकवली. खाली ओबिनाने दोन्ही तळहात धरले. कडी काकूंच्या हातात होती.

सगळे माझ्या सुईकडे बघत होते. "जास्त भरू दे, देवा, जास्त भरू दे," काकू पुटपुटत होत्या. मित्रांनो, मलाही वाटलं, सुई जरा पुढे ढकलावी. नाही ढकलली. बाळाला औषध खऱ्या वजनाप्रमाणेच द्यावं लागतं. सुई दोन किलोच्या रेघेच्या किंचित पुढे थांबली. नर्स वाकून बघत होती. तिने मोठा श्वास सोडला आणि हसून म्हणाली, "पुरेसं आहे, मामा."

त्या बाळाचं नाव आन्या ठेवलं आणि ती आता नेपरव्हिलला येऊनही गेली. तिला उचलायला काका आता कमरेवर हात ठेवून कुरकुरतात. काकूंनी मला परत ड्रॉवरमध्ये न टाकता स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं आहे आणि महिन्यातून एकदा पुसतात.

मित्रांनो, आमच्यासारख्या काट्यांची काळजी घ्या, आम्हाला गंजू देऊ नका. पण त्याहून मोठं मागणं दुसरंच आहे. कुठलाही काटा आपण होऊन खोटं बोलायला शिकत नाही. "देऊन टाका आणि मोकळे व्हा" असं मागची माणसं पुढच्याला सांगत राहतात, तेव्हा तो ते शिकतो. ते कुठल्या एकाच देशात घडतं असं नाही. तेव्हा रांगेत उभे असाल आणि पुढे कुणा एकट्या बाईला अडवलेलं दिसलं, तर घड्याळाकडे बघत बसू नका. पुढे व्हा आणि तिच्या बॅगेला दुसऱ्या बाजूने हात लावा.