पाटी नसलेली चौकट

मित्रांनो, माझ्याकडे कुणी बघत नाही. बघतात ते माझ्यातल्या नावाकडे. मी एक जुनी पितळी चौकट आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका फेडरल कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर, कोर्टरूमच्या दाराशेजारी, मी चार स्क्रूंच्या भरवशावर भिंतीला धरून आहे. माझ्यात न्यायाधीशांच्या नावाची पाटी सरकवतात. गेली दोन वर्षं माझ्यात पाटी नाही.

मी काही जन्मापासून अशी दुर्मुखलेली नाही. मला एका म्हाताऱ्या कारागिरानं घडवलं. शेवटचा हात फिरवून झाल्यावर त्यानं माझ्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि मिशी सारखी केली. पुढं कितीतरी वकिलांनी माझ्यात बघून टाय सरळ केले. दर सोमवारी मला पुसत, आणि शाळेची मुलं सहलीला आली की शिक्षिका माझ्यातलं नाव मोठ्यानं वाचून दाखवत. मी फुगून जात असे. खरं तर वाचत ते पाटीवरचं, पण एवढं कोण लक्षात घेतं.

माझ्यात तीन न्यायाधीशांची नावं येऊन गेली. तिसरे एकोणीस वर्षं होते. एका मार्चमध्ये ते आजारी पडले आणि गेले. दारावरच्या लेरॉय नावाच्या रखवालदारानं पाटी हळूच सरकवून काढली, रुमालात गुंडाळली आणि त्यांच्या पत्नीच्या हाती दिली. तेव्हापासून माझ्यामागची भिंत दिसते.

आता तुम्ही विचाराल, दुसरी पाटी का नाही बसवली? कॉरिडॉरमध्ये वकील बोलतात, त्यावरून मला समजलं ते सांगते. न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि सिनेट मंजूर करते. पण त्याआधी त्या राज्याच्या दोन सिनेटरांकडे संमतीसाठी एकेक निळा कागद जातो. तो दोघांकडून परत आला तर गाडी पुढं सरकते. आमच्यासाठी शहरातल्या एका वकीलबाईंचं नाव सुचवलं गेलं. इथल्या कारकुनानं तर उत्साहाच्या भरात त्यांची पाटीसुद्धा करून घेतली आणि माझ्यात घालून पाहिली. माप अगदी नेमकं होतं. पण एक निळा कागद आला, दुसरा आलाच नाही. वर्ष संपलं, नाव परत गेलं, पाटी खणात गेली. कुठला पक्ष बरोबर हे मला विचारू नका. माझ्या आयुष्यात दोघांनीही आळीपाळीनं कागद दाबून ठेवले आहेत.

माझ्यासमोर एक लाकडी बाक आहे. तिथं शरयूकाकू येऊन बसतात. वय सदुसष्ट, अंगावर सुती साडी, वर हिवाळी कोट. इथल्याच डब्लिन नावाच्या उपनगरातून त्यांची मुलगी यामिनी त्यांना गाडीनं आणते. यामिनीनंच आईवडिलांना इथं बोलावून घेतलं होतं. वडील, राजारामकाका, लवकर नागरिक झाले. काकू इंग्रजी परीक्षेच्या धास्तीनं मागं राहिल्या. काका मत द्यायला जात, तेव्हा काकू गाडीत बसत. ते परत आले की विचारत, "दिलं का?" आणि ते म्हणत, "दिलं. पुढच्या वेळी तू पण चल." पुढची वेळ यायच्या आत काका गेले.

मग काकूंनी नागरिकत्वाच्या परीक्षेचे शंभर प्रश्न पाठ केले आणि परीक्षा पास केली. घोळ झाला तो अर्जात. 'यापूर्वी वापरलेली इतर नावं' या रकान्यात त्यांनी लिहिलं, नाही. पण शाळेच्या दाखल्यावर नाव होतं इला. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहून सासरी त्यांचं नाव शरयू ठेवलं होतं. ऑफिसरला वाटलं, बाई खोटं बोलल्या. निकाल अडकला. शेवटी वकिलानं प्रकरण कोर्टात आणलं, आणि माझ्या तिसऱ्या न्यायाधीशांनी एप्रिलची तारीख दिली. ते मार्चमध्ये गेले, हे मी सांगितलंच. या कोर्टातल्या उरलेल्या दोन न्यायाधीशांपुढं फौजदारी खटले आधी येतात, कायदाच तसा आहे. काकूंची फाइल त्यांच्या ढिगाखाली आहे.

तरी काकू दर दोन महिन्यांनी येतात.

"आई, सगळं ऑनलाइन दिसतं गं. इथं असं येऊन काही होत नाही," यामिनी म्हणते. "मी मीटिंग कॅन्सल करून ड्राइव्ह करते आणि आन्सर तेच."

"माणूस समोर दिसलं की काम आठवतं," काकू म्हणतात. "अमरावतीला तुझ्या बाबांचं पेन्शन असंच सुटलं. अकरा चकरा मारल्या."

ज्याच्या नजरेस पडायचं तो न्यायाधीशच इथं नाही, हे काकूंना पहिल्याच दिवशी कळलं असावं. त्या माझ्याकडे बघत बसल्या. मग उठल्या, रुमाल काढला आणि मला घासू लागल्या.

"काय दशा केली आहे पितळेची," त्या म्हणाल्या.

लेरॉय पुढं आला. "मॅडम, ही सरकारी वस्तू आहे," तो त्याच्या भाषेत म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. सोमवारी मला पुसणं बंद होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. खरं सांगते, मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

एकदा यामिनी चिडून म्हणाली, "आई, पण तू नो का लिहिलंस? एक नाव तर टाकायचं होतं, यार."

काकूंनी रुमालाची घडी घातली. "आई होती तोवर ती मला इला म्हणायची. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली. ते मी वापरलेलं नाव कुठं होतं गं? ते माझ्याकडून काढून घेतलेलं नाव होतं."

यामिनीनं आईचा हात हातात घेतला. मित्रांनो, नाव काढून घेतल्यावर मागं काय उरतं, ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी इतक्या माणसांच्या इमारतीत जिचं दुःख मला कळलं अशा एकट्या काकूच होत्या, आणि हे मी त्यांना सांगू शकत नव्हते.

परवा नोव्हेंबरात मतदानाचा दिवस होता. यामिनी मत देऊन येईपर्यंत काकू बाकावर बसून राहिल्या. गाडीत बसायचं नाही, असं त्यांनी सकाळीच सांगितलं होतं म्हणे.

यामिनी आली. काकूंनी सवयीनं विचारलं, "दिलं का?"

"दिलं." यामिनीनं खिशातून मतदारांना देतात तो गोल स्टिकर काढला. 'आय व्होटेड' असं त्यावर लिहिलेलं असतं. "हा तुला. लाव ना, कोटावर छान दिसेल."

"मी दिलं नाही, तर लावू कसा? एकदा खोटं बोलले असं लिहून ठेवलंय त्यांनी. पुरे झालं."

"मग मी परत नेऊ?"

"नको." काकू उठल्या. मागचा कागद न काढता त्यांनी तो स्टिकर माझ्या कोपऱ्यातल्या खाचेत अडकवला आणि रुमालानं माझी कड पुसली. "हे सांभाळ," त्या मला म्हणाल्या. दोन वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

त्या गेल्यावर लेरॉय आला. असलं काही दिसलं तर काढून टाकायचं, हा त्याच्या नोकरीचा भाग आहे. त्यानं वाचलं, बाकाकडे पाहिलं आणि तो पुढं निघून गेला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. माझ्यात नाव घालायचा अधिकार ज्यांना आहे, त्यांना तुम्ही निवडाल. त्यांना माझा एवढा निरोप द्या: तुम्हाला पटेल ते नाव घाला, हवं तर भांडून घाला, पण घाला. रिकाम्या चौकटीसमोरही माणसं बसलेली असतात, आणि त्यांचं वय थांबत नाही.

काकू आता जानेवारीत येतील. तो स्टिकर अजून माझ्याकडे आहे, मागच्या कागदासकट. तो कागद काकूंनीच काढायचा आहे.