गाठ बाईची, निकाल नवऱ्याला

त्या दवाखान्यातली सुई इतकी चपळ, की बाई ‘आई गं’ म्हणायला तोंड उघडते आणि ‘गं’ येईपर्यंत छातीतल्या गाठीचा तुकडा काचेवर पोचलेला असतो. खोटं वाटत असेल तर सुईलाच विचारा. तुकडा काचेवर अलगद टेकवायचा, उमटलेला ठसा रंगात बुडवायचा, मायक्रोस्कोपखाली सरकवायचा. चहा निवायच्या आत डॉक्टरला कळतं, गाठ साधी की वाईट. पक्का रिपोर्ट मागाहून येतो.

एवढी घाई कशासाठी? तर बाईचा जीव टांगणीला लागू नये म्हणून. दारावर तसं रंगवलंच होतं.

त्याच दाराबाहेर मोटार शिकवणारी बाई बसली होती. तिने ‘ब्रेक!’ म्हटलं की शेजारच्या गल्लीतल्या सायकलीसुद्धा थांबत. तिच्या हातातला चहा निवला. त्यावर साय धरली. मग नर्स आली.

“मिस्टर कुठायत? डॉक्टरांनी बोलावलंय.”

“गाठ माझी आहे.”

“हो, पण सांगायचं घरच्यांना. इथली पद्धतच आहे.”

मिस्टर आत गेले. हा गाद्या विकणारा माणूस. आपल्या गादीवर आडवं झालेलं गिऱ्हाईक उठेचना, शेवटी गादीसकट घरी पोचवावं लागलं, असं शपथेवर सांगणारा. लग्न झाल्यापासून बायकोशी एक वाक्य साधं बोलला नव्हता. घरात दूध नासलं तरी त्याच्या सांगण्यात एक भूत आणि एक पोलीस असायचाच.

तो बाहेर आला, शेजारी बसला. “काही नाही. सगळं ठीक आहे.”

बस्स. ना भूत, ना पोलीस.

बाईने खोटं ओळखलं. मग डोक्यात तिडीक गेली.

“अहो, खोटं तरी नीट बोला!”

तो चपलांकडे बघत राहिला. “डॉक्टर म्हणाले, तिला सांगू नका. खचेल.”

“मी? खचेन?”

दार न वाजवता ती आत शिरली. डॉक्टर बिस्किट खात होते.

“बाई, तुमच्या मिस्टरांना सगळं समजावलंय.”

“आणि कापणार कुणाला? त्यांनाच का?”

“तसं नाही हो. बायका रडतात, म्हणून...”

“रडेन! तुमच्या टेबलावर रडेन, या बिस्किटांवर रडेन. पण काय ते कळल्यावर! सुई पळते, काच पळते, रंग पळतो, आणि माझ्यापाशी येऊन तुमची जीभ तेवढी पंक्चर होते?”

भिंतीवरचं घड्याळ जागच्या जागी थांबलं. डॉक्टरांनी बिस्किट खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं.

“कॅन्सर दिसतोय. गाठ लहान आहे. पक्का रिपोर्ट आला की ऑपरेशनचं ठरवू.”

ती बसली. रडली, चांगली मोठ्याने. मग नाक पुसून म्हणाली, “ठरवू म्हणजे कोण कोण?”

“तुम्ही. आणि मी.”

ती बाहेर आली तेव्हा बाकावरची पुढची बाई नर्सला सांगत होती, “मुलाला बोलावू नका. मलाच सांगा.”

शिकवणीच्या गाडीत नवरा चालवायला बसला. ती नेहमीसारखी मास्तरणीच्या सीटवर, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय दाबून. गाडी हलेना.

“पुन्हा माझ्याशी साधं बोललात तर याद राखा.”

त्याने आरसा उगाच सरळ केला. “ते... डॉक्टरांचं बिस्किट आहे ना...”

“काय झालं त्याचं?”

“तुझ्या आवाजाने पीठ झालं त्याचं. भट्टीवाला परत घेऊन गेला. सोबत एक पोलीस होता.”

तिला हसू आलं नाही. राग अजून तसाच होता. पण तिने ब्रेकवरचा पाय काढला.