अकरा ते दोनचं ऊन

"भिंतीला प्लास्टिक कशाला चिकटवलंय? जखमबिखम झालीय का तिला?" हेडबाई फाटकातूनच कडाडल्या.

रंगारीण परांचीच्या फळीवर उभी होती. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर पुन्हा एक शर्ट. ती सावकाश खाली उतरली, प्लास्टिकच्या तुकड्याची एक कड सोडवली आणि म्हणाली, "आतून बोट फिरवा, बाई."

हेडबाईंनी फिरवलं. बोट ओलं झालं.

"काल दुपारी लावलं होतं. पाऊस नाही, काही नाही. हे पाणी भिंतीच्या पोटातलं. यावर रंग मारला तर तो धरेल कशाला?"

"मावशी, सोमवारी साहेब तपासणीला येणार आहेत. आज मंगळवार. धुकं पडलं म्हणून मी शाळा बंद ठेवते का? मुलं कुडकुडत येतातच ना?"

"मुलं वाळवावी लागत नाहीत, बाई."

शिपाई फाटकाआड तोंड लपवून हसला. हेडबाई काही हसल्या नाहीत. "दुसरा रंगारी उद्यापासून हात मारायला तयार आहे. सोमवारपर्यंत संपवायला तुम्ही हो म्हणताय की नाही, तेवढं सांगा."

आता ही 'नाही' म्हणायची गोष्ट. तिच्या नवऱ्याला सगळं यायचं, तेवढा एक शब्द यायचा नाही. तीन वर्षांपूर्वी, अशाच थंडीत, याच भिंतीपुढे तेव्हाच्या हेडबाईंनी त्यांना असंच विचारलं होतं. भिंत ओली आहे हे त्यांना कळलं होतं. तीस वर्षं ब्रश हातात धरलेल्या माणसाला कळणार नाही तर कुणाला? पण मान डोलावून मोकळे झाले. भिंत महिनाभर काय झळकली! मग पोपडे सुटायला लागले. मधल्या सुट्टीत मुलं ते नखाने सोलायची, कुणाचा हत्ती निघायचा, कुणाचा नकाशा. आणि त्यांचं नाव पडलं पोपडेमास्तर. माणूस हळवा. आधी बाजाराला लांबच्या रस्त्याने जायला लागले, मग हातातली कामं सोडली, मग गुडघे दुखतात म्हणून घरातच बसले. गुडघे ठणठणीत होते, मेले!

वीस वर्षं त्यांच्यामागे भिंती खरवडत आलेल्या बायकोने मग ब्रश उचलला. शाळेची भिंत पुन्हा रंगवायला निघालीय म्हटल्यावर ती घरात न सांगता येऊन काम धरून बसली. तिला ही भिंत हवीच होती. आपल्या माणसाला आपल्याच गल्लीतून ताठ मानेने चालता यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"बाई, मागच्या खेपेला ही कुणी रंगवली, माहितेय?"

"कुणीतरी घाईत उरकली म्हणतात."

"कुणीतरी नाही. आमच्या यांनी." हे बोलताना एवढ्या गारठ्यातही तिचे कान तापले. "यांना ओल कळली होती, नाही म्हणता आलं नाही. मला येतं. इथे ऊन येतं अकरा ते दोन. मी तेवढ्यातच हात मारणार. सोमवारपर्यंत होईल तेवढं होईल, उरलेलं नंतर. आणा तुमचा दुसरा माणूस, पण आधी त्याच्याकडूनही बोट फिरवून घ्या."

हेडबाईंनी ओल्या बोटाकडे पाहिलं, ते शालीला पुसलं. "आणि साहेबांनी विचारलं तर?"

"मला बोलवा."

"बोलवते. चांगलंच बोलवते," म्हणत त्या तरातरा आत गेल्या.

सकाळभर ती जुना रंग खरवडायची, तारेचा ब्रश मारून कोरड्या फडक्याने पुसायची. समोरच्या इमारतीवरून ऊन उतरलं की भिंतीला गाल लावून बघायची. गाल गार पडला नाही, तर डबा उघडायचा. दोनला ऊन सरलं की अर्धा डबा उरला असला तरी ब्रश खाली. संध्याकाळच्या दवाआधी रंग सुकायला हवा ना! शुक्रवारी ऊन पडलंच नाही. दिवसभर ती हाताची घडी घालून पायरीवर बसली. येणारेजाणारे विचारत होते, "काय पोपडेमास्तरीणबाई, मुहूर्त बघताय का?" ते ऐकून बसणं तिला रंगवण्याहून जड गेलं.

गारठलेला रंग घट्ट होतो, म्हणून डबे ती रोज घरी न्यायची, चुलीशेजारी ठेवायची. नवरा बघायचा, विचारायचा नाही. शनिवारी पहाटे उठून बघते तो काय, डब्यांवर त्यांचं जाड पांघरूण, आणि हे आपले चादरीत मुटकुळं करून पडलेले.

"अहो, गारठून मराल की!"

"डबे गार पडत होते," ते म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली. तीन वर्षांत रंगाबद्दल बोललेलं हे पहिलंच वाक्य. ती पटकन अंगणात गेली, नाहीतर त्यांच्यासमोरच रडली असती.

सोमवारी भिंत अर्धी झाली होती. साहेब आले, सर्दीने बेजार, मफलर नाकापर्यंत. हजेरीपट पाहिले, चहा घेतला, गेले. भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"काहीच विचारलं नाही हो!" हेडबाई बाहेर येऊन म्हणाल्या. दोन दिवस उत्तरं पाठ करून बसल्या होत्या बिचाऱ्या.

"बरं झालं. सरा बाजूला, अकरा वाजले."

पुढच्या गुरुवारी ती शेवटच्या पट्ट्यावर होती. मागून खोकला ऐकू आला. हजारांत ओळखला असता तिने तो. ती वळली नाही. वळली असती तर चोरी पकडल्यासारखे ते परत फिरले असते.

मग खरखर आवाज आला. पहिल्या दिवशी रंगवलेल्या जागी ते नखाने खरवडत होते. तिचा ब्रश थांबला. पुन्हा खरखर, आता जोर लावून. मग किल्लीने. खाली काहीच पडलं नाही.

"वर खिडकीच्या कडेला दुसरा हात कमी पडलाय."

"माहितेय," ती म्हणाली. "उद्याच्या उन्हात घेणार होते."

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलांचा लोंढा फाटकातून बाहेर पडला आणि त्यातलं एक पोर ओरडलं, "ए, पोपडेमास्तर आले!"

तिने डोळे गच्च मिटले. आता जाणार हे. गेले.

"हो, मीच," खालून आवाज आला. "मागे व्हा जरा. हात लावायचा नाही, रंग ओला आहे."

तिने खाली पाहिलं. दोन्ही हात पसरून, रस्त्याकडे तोंड करून, ते भिंतीपुढे उभे होते.