सिनियाच्या गाडीला आवाज नाही

माझ्या धाकट्या बहिणीने, सिनियाने, सव्वीस वर्षं बस चालवली. आमच्या पेरेस सेलेदोनहून राजधानीला, सेरो दे ला मुएर्तेच्या घाटावरून. वर धुकं उतरलं की बसच्या नाकापुढचं दिसत नाही, असा तो घाट. गावात बस चालवणारी ती पहिली बाई, आणि निवृत्त झाली तेव्हाही एकटीच. मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते. नवरा गेल्यापासून तिच्याकडेच राहते.

निवृत्त झाल्यावर लोकांना वाटलं, आता ही कोंबड्या पाळेल. तिने गाडी आणली. डिसेंबरात, राजधानीतल्या एका दातांच्या डॉक्टरने वापरलेली. विजेवर चालणारी, राखाडी, मांजर दबा धरून बसावं तशी बसकी. डॉक्टरच्या बायकोला त्या गाडीची भीती वाटायची म्हणून त्याने काढून टाकली.

"पाचशे घोड्यांची ताकद आहे," सिनिया मला म्हणाली.

"आपल्या दोघींना किती घोडे लागतात गं?"

"मला पाचशे. तुझं तू बघ."

पहिल्याच दिवशी तिने मला बाजारातून घरी आणलं. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर तिने पाय दाबला आणि माझं डोकं मागच्या उशीला चिकटलं. मांडीवरच्या पिशवीतले अव्होकाडो उडून मागच्या सीटवर गेले. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. रात्रीही बोलले नाही. अव्होकाडो मात्र खाल्ले. ठेचलेलेच होते, मीठ लावून वाढले.

अशा गाडीबरोबर संसार करणं सोपं नाही, हे मी सात महिन्यांत शिकले. सुरुवातीला तिची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर जायची. गाडी वीज पीत असली की भाताचा विजेचा कुकर लावायचा नाही, आणि दोन्ही चालू असले तर न्हाणीघरात गरम पाणी सोडायचं नाही. एकदा मी साबण लावून उभी आणि घरभर अंधार. मी ओरडले, "आंघोळ कोणाची करायची ते ठरव, माझी की तिची." मग सिनियाने भिंतीवर चार्जिंगचं वेगळं यंत्र बसवून घेतलं. रस्त्यावरचे गतिरोधक त्या बसक्या गाडीला सरळ पार करता यायचे नाहीत. सिनिया ते तिरके, एकेक चाक करून ओलांडायची आणि मागचे ट्रकवाले भोंगे वाजवायचे. तिचा मुलगा ग्रेविन दर रविवारी राजधानीहून फोन करून म्हणायचा, "आई, या वयात कोणी अशी गाडी ठेवतं का?" ती म्हणायची, "तुझ्या वयात मी तुला पोटात घेऊन बस चालवत होते. आता तुझं वय झालं, माझं नाही." आणि फोन माझ्या हातात द्यायची.

मीसुद्धा ग्रेविनच्याच बाजूने होते. मार्चपर्यंत.

मार्चमध्ये आमच्या वारलेल्या मावसबहिणीच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी आम्ही घाट ओलांडून कार्तागोला गेलो. चढताना गाडीने जवळजवळ चाळीस टक्के वीज खाल्ली. मी त्या आकड्यावरून नजर काढली नाही, जपमाळ हातात होती ती वेगळीच. वर थंडी, धुकं, आणि गाडी आवाज न करता चढत राहिली. खरी गोष्ट परतीच्या उतारावर घडली. सिनिया नुसता पाय उचलायची आणि गाडी आपोआप आवरायची, जणू कोणी मागून पदर धरलाय. उतारावर गेलेली वीज थोडी थोडी परत येत होती. खाली येईपर्यंत दहा टक्के परत.

मध्येच एका वळणाशी तिने गाडी कडेला घेतली आणि काच खाली केली.

"काय झालं?"

"वास घे."

मी घेतला. ओल्या झाडांचा वास होता, दुसरं काही नाही.

"सव्वीस वर्षं या वळणावर मला ब्रेक जळल्याचा वास यायचा," ती म्हणाली. "रोज. मागे चव्वेचाळीस माणसं, कोणी झोपलेलं, कोणी पोराला पाजतंय, आणि मी मनात मोजायची, अजून किती वळणं आहेत. घरी येऊन हात धुतले तरी वास जायचा नाही. तुला कधी सांगितलं नाही मी."

नव्हतं सांगितलं. एका घरात राहून मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी गाडीविरुद्ध बोलले नाही. तिच्यात बसले की पिशवी मात्र पायांत धरून बसायची.

जुलैच्या सुरुवातीला चालक संघाचे सचिव एलादियो मेसेन घरी आले. मोठा ट्रक चालवतात, कॉफीच्या हंगामात गावातला निम्मा माल तेच नेतात. मी गुळाचं गरम पाणी आणि चीज पुढे ठेवलं. पंचवीस जुलैला आमच्याकडे चालकांचा पाठीराखा संत सान क्रिस्तोबाल याचा सण असतो, सगळ्या गाड्यांना आशीर्वाद देतात. बसच्या आवारातून टेकडीवरच्या देवळापर्यंत मिरवणूक. सगळ्यात पुढच्या गाडीत संताची मूर्ती, आणि ती गाडी चालवायचा मान सेवेच्या वर्षांप्रमाणे एकेकाला. पोहोचल्यावर देवळाची घंटाही त्यानेच वाजवायची.

"सिनियाबाई, यंदा यादीत तुमचं नाव आलंय," एलादियो म्हणाले. पेल्यातच बघत होते.

"माहीत आहे. चार वर्षांपूर्वी यायला हवं होतं. तेव्हा माझ्यानंतर लागलेल्या दोघांची नावं अचानक वर सरकली."

"ते जाऊ द्या. मान तुमचाच आहे. फक्त गाडी आमची घ्या. माझा ट्रक देतो, धुऊन, सजवून देतो."

"का? माझ्याकडे गाडी आहे की."

"अहो, ती काय गाडी आहे? तिला इंजिन नाही, आवाज नाही. मिरवणूक येतेय हे लोकांना कळणार कसं? मूर्ती बांधायला वर जागा नाही, सगळी काच. पोरं म्हणतात, फोनला चाकं लावलीत."

"पोरं म्हणतात की तुम्ही?"

एलादियो हसले नाहीत. "चालक म्हणजे इंजिनाशी झटलेला माणूस, बाई. बटण दाबून बसलेला नव्हे."

मला वाटलं सिनिया भडकेल. तिने चीजचा तुकडा उचलून खाल्ला. "तुमच्या ट्रकचे ब्रेक घाटात दोनदा गेले, एलादियोभाऊ. एकदा ट्रक वळणावर अडकला तेव्हा मीच बस आडवी घालून वरून येणाऱ्या गाड्या थांबवल्या, म्हणून तुम्ही आज इथे चीज खाताय. मी इंजिनाशी किती झटले ते मला नका शिकवू. येईन ती माझ्या गाडीने."

"मग आम्ही तुमच्या मागे येणार नाही."

"माझ्या पुढे जाऊ नका, एवढंच करा."

ते गेल्यावर मी म्हटलं, "एका सकाळपुरता ट्रक घेतला असतास तर काय बिघडलं असतं?"

"त्यांना हवं तसं झालं असतं," ती म्हणाली आणि पेले धुवायला घेतले.

सणाच्या दिवशी सकाळी सहाला आम्ही आवारात. सिनियाने बसवाल्यांचा जुना निळा शर्ट घातला होता, पोटावर थोडा ताणलेला. गाडी धुऊन काढली होती. फादर विल्बेर यांनी मूर्ती आणली, तीन वर्षांच्या पोराएवढी, खांद्यावर बाळ येशू घेतलेली. यादी संघाची आहे, मी मध्ये पडत नाही, असं ते म्हणाले आणि पुढे देवळाकडे निघून गेले. मूर्ती ठेवायची कुठे, हा प्रश्न होताच. सिनियाने तिला शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, काच पूर्ण खाली केली. संत खिडकीतून बाहेर बघायला लागले. मी मागे.

आमच्यामागे बावीस ट्रक आणि बसगाड्या रांगेत होत्या, फुलं आणि फिती लावलेल्या. इंजिनं सुरू होती, पण सगळे चालक खाली उतरून एलादियोंच्या ट्रकपाशी हाताची घडी घालून उभे. एकजण मोठ्याने म्हणाला, "बाई, चार्ज आहे ना? की ढकलत नेऊ?" बाकीचे हसले.

आठला देवळाची पहिली घंटा झाली. ही निघायची खूण. सिनियाने आरशात पाहिलं. कोणी गाडीत चढलं नाही.

"सिनिया," मी म्हटलं, "थोडं थांबून बघूया का? येतील."

"सव्वीस वर्षं मी प्रत्येक थांब्यावर लोकांसाठी थांबले," ती म्हणाली. "उशिरा आलेल्यांसाठी, पिशव्या विसरलेल्यांसाठी, दारूच्या गुत्त्यातून बाहेर येणाऱ्यांसाठी. आज नाही."

आणि आम्ही निघालो. पाचशे घोड्यांची ती गाडी तिने माणसाच्या चालीने चालवली, कारण मिरवणुकीत तसंच चालवतात. मी मागे वळून पाहिलं. आवाराचं फाटक, मग रिकामा रस्ता. देवळापर्यंत चार किलोमीटर, आणि त्या सगळ्या रस्त्यावर आम्ही दोघी आणि एक लाकडी संत.

पहिल्या वस्तीत लोक अंगणातच होते. भोंगे ऐकू आले की रस्त्यावर यायची त्यांची सवय. आम्ही गेलो तेव्हा कोणाचं लक्षच नव्हतं. एक माणूस गाडीकडे पाठ करून मुलाचे केस कापत होता. एलादियोंचं खरं ठरणार, असं मला वाटलं आणि मला त्याचा इतका राग आला की काय करावं कळेना. सिनिया भोंग्याला हात लावत नव्हती. तिचा हट्ट मला माहीत होता: आवाज नाही म्हणता ना, मग नाहीच करणार.

मग मी गायला लागले. दुसरं काय येतं मला? शाळेत तीनशे पोरांना जेवायला हाक मारायचे, तोच आवाज. खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि संताचं भजन सुरू केलं, पहिलं कडवं, दुसरं, आणि दुसरं पुन्हा, कारण तिसरं येत नव्हतं. सिनियाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते.

केस कापणारा वळला. मुलगा अर्धवट कापलेल्या केसांनिशी उठून पळत आला. समोरच्या घरातून सेनेइदा नावाची म्हातारी काठी टेकत आली आणि तिने संतांच्या मांडीवर जास्वंद ठेवली.

"बाकीचे कुठे आहेत?" तिने विचारलं.

"रुसलेत," सिनिया म्हणाली.

"बरं झालं," सेनेइदा म्हणाली. "दरवर्षी त्यांचा धूर माझ्या छातीत जातो. संतांच्या मागून चालायला मिळतं कुठे?" आणि ती चालायला लागली, गाडीच्या डिकीवर एक हात ठेवून.

तिच्यामागे तिची सून आली. मग कॉफीच्या कारखान्यातल्या दोघी, मग त्यांची पोरं. दर वळणावर माणसं वाढत गेली. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कडवी येत होती, तिसरंही येत होतं. ट्रकांच्या मागे कधी कोणी चाललं नव्हतं. चालणार कसं, धुरात आणि भोंग्यांत. आता एकमेकांचे आवाज ऐकू येत होते, चपलांचेसुद्धा. शेवटच्या खड्या चढावर सेनेइदाला धाप लागली. सिनियाने गाडी उभी केली, म्हातारीला माझ्या शेजारी बसवलं आणि त्या चढावर एक इंचही मागे न सरकता पुन्हा निघाली.

"थांबलीस की," मी हळूच म्हटलं.

"ती चालत होती," सिनिया म्हणाली. "ते हाताची घडी घालून उभे होते."

देवळापाशी पोहोचलो तेव्हा सत्तरएक माणसं असतील मागे. फादर दारात उभे होते, मागच्या ट्रक नसलेल्या रस्त्याकडे बघत, मग आमच्याकडे. त्यांनी आमच्या गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं आणि मग, थोडा विचार करून, चालत आलेल्यांच्या पायांवरही. सिनियाने घंटेचा दोर धरला आणि वाजवली. जरा जास्तच वेळ वाजवली.

ट्रक पाऊण तासाने आले. भोंगे वाजवत, फितींसकट. एलादियो उतरून तडक सिनियाकडे आले. मान खाली नव्हती, माफी मागायला आले नव्हते ते.

"तुम्ही थांबायला हवं होतं, बाई. तुमच्यामुळे मिरवणूक फुटली."

"मिरवणूक इथे आहे," सिनिया म्हणाली आणि ओट्यावर बसून केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाल खाणाऱ्या बायकांकडे हात केला. "तुम्हाला उशीर झाला."

"पुढच्या वर्षी नियम करतो. पुढच्या गाडीला इंजिन पाहिजे म्हणून."

"करा. मीही सभासद आहे, मत द्यायला येईन."

ऑगस्टच्या बैठकीत त्यांनी तो नियम केला. चौदा विरुद्ध नऊ. सिनिया घरी आली आणि त्या नऊ जणांची नावं एकेक करून मला सांगितली. त्यात तो चार्जबद्दल विचारणाराही होता. हरल्याचं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. बाहेर सेनेइदाने आधीच गावभर सांगून ठेवलं होतं की पुढच्या वर्षी बायका संतांना हातात घेऊन साडेसातलाच निघणार, ट्रकांनी हवं तर मागून यावं, लांबून.

"आता तू काय करणार?" मी विचारलं.

"आठ महिन्यांत टायर पार गुळगुळीत केलेत मी," ती म्हणाली. "मंगळवारी कार्तागोला जाऊन नवे घालू. तू येणार आहेस की घरी बसणार?"

मी पिशवी शोधायला उठले.